अकरा नंबरची हरकत

…तर व्यासपीठ मोडलं, पुढारी खुर्चीसकट खाली गेले आणि गर्दीतले पन्नास हात त्यांना उचलायला धावले. भोंगाही धावला, पण तो माईक उचलायला. पुढारी चिखलात पालथे, तोंडात माती, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या काखेखालून माईक ओढून काढतोय, जाळीवर फुंकर मारतोय. माईक चालूच होता. त्यामुळं पुढाऱ्यांनी कण्हत कण्हत व्यासपीठाच्या सुताराला ज्या शिव्या घातल्या, त्या चारी कर्ण्यांतून बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेल्या. एक अक्षर फाटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भोंगा प्रत्येकाला धरून सांगत होता, "पडले ते वाईटच झालं हो. पण आवाज ऐकलात ना?"

आता भोंगा म्हणजे कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. सभांना माईक आणि कर्णे पुरवणारा माणूस. आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि दाखला कुठं राहिला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अंगानं काडी, खिशात टेस्टर, बोटांना चिकटपट्टीचा डिंक. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "एका खोलीत माईक आणि कर्णा समोरासमोर ठेवले की कशी शिट्टी वाजते ते मी रोज बघतो." सायकलच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं सेट झोपायचा आणि उरलेल्या जागेत हा.

सभा सुरू झाली की व्यासपीठाच्या डाव्या अंगाला मशीनसमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि आवाजाच्या बटणावर दोन बोटं ठेवायची. बोलणारा चढला की बोटं उतरायची, बोलणारा उतरला की बोटं चढायची. शब्द त्याच्या कानात शिरतच नसत. काल सभेत काय म्हणाले, असं विचारलं तर उत्तर मिळायचं, "घसा बसलाय त्यांचा. मिठाच्या गुळण्या करायला सांगा." तीस वर्षांत त्याच्या सेटनं एकदाही दगा दिला नव्हता, आणि 'आवाज येत नाही' असं ओरडायची संधी त्यानं कुण्या श्रोत्याला दिली नव्हती. एवढीच त्याची इस्टेट.

आणि एक ताई. याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईबाप एकाच तापाच्या साथीत गेले तेव्हा हा सहा वर्षांचा. ताईनं लोकांचे कपडे शिवून याला वाढवलं. पुढं याला आवाजाचं वेड लागलं तेव्हा तिनं शिवणयंत्र विकलं आणि त्यातून याचं पहिलं मशीन आलं. यंत्र गेलं तशी ताई इस्त्रीवर आली. दुसऱ्यांनी शिवलेले कपडे, हिनं इस्त्री करायची. गल्लीच्या शेवटी अकरा नंबरचं घर. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं चूल आणि खाट. कोळशाच्या धुरानं तिचा आवाज असा बसला होता, की गिऱ्हाईक टेबलावर वाकून ऐकायचं. भोंगा दोन्ही वेळचं जेवायला तिच्याकडं. "ताई, तुझ्या आवाजाला माझ्याकडंसुद्धा बटण नाही," असं म्हणायचा. ती म्हणायची, "गपचूप जेव, धाकट्या."

त्या वर्षी वेगवान गाडीचा वाद पेटला. दोन मोठी शहरं, त्यांच्या मधे आपण. चार तासांची वाट गाडी पन्नास मिनिटांत कापणार, आणि आपल्या डोक्यावरून, उंच खांबांवरून जाणार. लगेच दोन पक्ष झाले. चिखलात पडलेले ते हवीपुढारी, त्यांना गाडी हवी. दुसरे नकोपुढारी. सोमवारी हवीची सभा, गुरुवारी नकोची. दोन्हीकडं तेच व्यासपीठ, तेच गालिचे आणि तोच भोंगा. सोमवारी एका म्हाताऱ्या चांभारानं उभं राहून विचारलं, "गाडी इथं थांबणार का?"

"थांबली तर वेगवान कशी राहील, काका?" हवीपुढारी म्हणाले. टाळ्या.

गुरुवारी तोच चांभार नकोच्या सभेत उठला. "ही गाडी नको, कबूल. मग आपली जुनी गाडी तरी वेळेवर येईल का?"

"आपला लढा तत्त्वाचा आहे, काका," नकोपुढारी म्हणाले. टाळ्या. काकांना लोकांनीच खाली बसवलं.

गाडीची रेघ ताईच्या गल्लीवरून जात होती. अकरा घरं. सरकारनं जाहीर केलं की सुनावणी होईल, ज्याला हरकत असेल त्यानं यावं, माईकसमोर घर नंबर सांगावा आणि हरकत तोंडानं नोंदवावी. खांब पाचदहा पावलं इकडं तिकडं सरकवता येतात. ज्याची हरकत नोंदली जाईल त्याच्या घरातून खांब सरकवू. ज्याची नसेल, त्याची संमती धरू.

सुनावणीचं काम भोंग्याला मिळालं. सरकारी काम! त्यानं चारी कर्णे धुतले. सुनावणी अधिकाऱ्यांच्या टंकलेखकानं आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र व्यासपीठाच्या काठावर ठेवलं, तर भोंग्याला राहवेना. "इथून काय घेता? खोकला, खुर्च्या, सगळी घाण येईल. थेट माझ्या मशीनमधून वायर घ्या. काचेसारखा आवाज देतो." टंकलेखकाला काय, त्याचा त्रास वाचला. त्यानं वायर घेतली.

इकडं ताई आठ दिवस इस्त्री फिरवता फिरवता तीन वाक्यं पाठ करत होती. माझं घर अकरा नंबर. माझी हरकत आहे. माझं घर पाडू नका. जन्मात कधी चार माणसांपुढं न बोललेली बाई. भोंगा जेवताना तिला शिकवायचा, "माईकपासून चार बोटं लांब. आणि वर बघ, खाली बघितलंस की आवाज पोटात जातो."

सुनावणीच्या दिवशी दहा घरांची दहा माणसं बोलली. कुणी रडलं, कुणी हात जोडले, एकानं अधिकाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार केला. भोंग्याची बोटं सगळ्यांना सांभाळत गेली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. मग ताई उभी राहिली.

"माझं घर…" पुढं काही येईना. भोंग्यानं बटण चढवलं. "माझं घर…" आणखी चढवलं. तिचा नुसता श्वास सभागृहभर घुमायला लागला. मागून कुणी तरी म्हणालं, "मावशी, इस्त्री गरम व्हायचीय वाटतं!" हशा झाला. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "आटपा लवकर. बोलायचं नसेल तर बसा."

आणि ताई ओरडली. बासष्ट वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. बटण पार वर होतं. सेटनं जी शिट्टी मारली, ती ऐकून बायांनी कानांवर हात ठेवले, खिडकीतली कबुतरं उडाली, अधिकाऱ्यांच्या हातातला चहा विजारीवर सांडला. भोंग्याच्या बोटांना तीस वर्षांची सवय. डोळे उघडायच्या आधी बोटांनी बटण खाली आणून सोडलं होतं, अगदी तळाला.

शिट्टी थांबली. ताई बोलत राहिली. हात हलवत, मान ताठ, चार बोटं लांब, वर बघून. पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं असेल नसेल. अधिकारी विजार पुसत होते, बाकीचे अजून कान चोळत, हसत होते. तिनं तिन्ही वाक्यं म्हटली, परत एकदा म्हटली आणि घाम पुसत खाली आली. मग भोंग्यानं सावकाश बटण वर घेतलं, आणि अधिकाऱ्यांचं "धन्यवाद, सुनावणी संपली" तेवढं काचेसारखं उमटलं.

त्याला काय वाटत होतं, सांगू? आनंद. कर्ण्याचा पडदा फाटता फाटता वाचला होता. संध्याकाळी जेवताना ताईनं विचारलं, "बरं बोलले का रे?" तिचे गाल लाल झाले होते.

"एक नंबर!" भोंगा म्हणाला. त्यानं तिचा एक शब्द ऐकला नव्हता.

तीन आठवड्यांनी फलकावर यादी लागली. घर क्रमांक एक ते दहा, हरकत नोंदवली, खांब सरकवण्यात येत आहे. घर क्रमांक अकरा, हरकत नाही. दहा घरांतून सरकवलेला खांब कुठं तरी टेकणारच होता. तो नकाशावर ताईच्या चुलीत टेकला होता.

गल्लीत दहा घरांनी पेढे वाटावेत तसं एकमेकांना चहाला बोलावलं. अकरावं वगळून. "हिनं आतून सही केली असणार," दोन नंबरची बाई म्हणाली. "भाऊ सरकारी कामं घेतो ना! घरातल्या घरात जमवलं." आठ दिवसांत इस्त्रीचं टेबल रिकामं पडायला लागलं. ज्या बाईचे परकर ताईनं वीस वर्षं कडक केले, तिनं शर्ट परत मागवून घेतले. अर्धे ओले होते, तसेच घेऊन गेली.

हवीपुढाऱ्यांना तर लॉटरी लागली. साऱ्या रेघेवर एक माणूस असा सापडला, ज्यानं काही न बोलता घर दिलं! रातोरात फलक लागले. सुनावणीच्या दिवशी एका फोटोवाल्यानं ताई ओरडतानाचा फोटो टिपला होता, तोंड आ वासलेलं, डोळे मोठे. तोच छापला आणि खाली मजकूर, 'आनंदानं होकार देणारी माता'. दुरून बघितलं तर खरंच वाटायचं, बाई खदाखदा हसतेय.

तिचा सत्कारही ठेवला. बोलावायला आलेला शिपाई म्हणाला, मोठे साहेब येणार आहेत, तुमचं म्हणणं तिथं ऐकतील. म्हणून ती गेली. धुतलेलं लुगडं नेसून, ती तीन वाक्यं परत घोकत. तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र दिलं, माईक मात्र दिला नाही. ती हवीपुढाऱ्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, माझी हरकत आहे."

हवीपुढारी माईकवर म्हणाले, "बघा, बघा, किती लाजतात! म्हणतात, माझं कौतुक करायला माझी हरकत आहे!" लोक हसून लोटपोट. आवाजाची व्यवस्था भोंग्याकडं होती. उत्तम होती.

त्या दिवशी मात्र पहिल्यांदा त्याचे डोळे उघडे होते. घर अकरा, हरकत नाही, हे आलं कुठून, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. दुसऱ्या दिवशी तो टंकलेखकाकडं गेला. तो बिचारा सरळ माणूस. त्यानं हेडफोन भोंग्याच्या डोक्यावर चढवला आणि यंत्र सुरू केलं. ताईचा श्वास. "माझं घर." श्वास. "माझं घर." हशा. शिट्टी. मग काही नाही. एक मिनिट आणि चाळीस सेकंद काही नाही. इतकी स्वच्छ शांतता, की तिच्यात माशीसुद्धा नव्हती. मग "धन्यवाद, सुनावणी संपली."

"मी हे तीनदा ऐकलं," टंकलेखक म्हणाला. "काय टाइप करू, तुम्हीच सांगा. शिट्टीला हरकत म्हणू?"

भोंग्यानं हेडफोन काढला. स्वतःची दोन बोटं बघितली. "माझ्या मशीनमधून वायर घेतली नसती तर?"

"मग आलं असतं की. खोकला, खुर्च्या आणि तुमची ताई. सगळी घाण आली असती."

तिथून तो नकोपुढाऱ्यांकडं गेला. हे तरी मदत करतील. नकोपुढाऱ्यांनी ऐकून घेतलं, त्याला जवळ बसवलं, खांद्यावर हात टाकला. "भोंग्या, तुझ्यापासून काय लपवायचं? दहा घरं वाचली, आता माझ्या सभेला येणार कोण? एक तरी घर पडायला पाहिजे रे. म्हातारी बाई, चूल, वरून यंत्राचा पंजा! मी स्वतः पंज्यापुढं आडवा होतो, पाच मिनिटं. तू फक्त त्या दिवशी चार कर्ण्यांऐवजी सहा लाव."

शेवटी त्यानं ताईला सांगितलं. जेवणाच्या ताटावर, मान खाली घालून. ताई ऐकत राहिली. इस्त्रीतले निखारे विझवले, राख झाडली.

"म्हणजे मी बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही?"

"नाही."

"तुलाही?"

भोंग्यानं ताट बाजूला सारलं.

"आणि एक नंबर म्हणालास." तिनं ते उचललं. "बरं. तू केलंस, तूच सांग त्यांना. माझ्यानं परत ओरडवणार नाही."

"सांगतो, ताई. शपथ."

त्यानं अर्ज केला. अधिकाऱ्यांनी पुढच्याच आठवड्यात भर दुपारी त्याच सभागृहात बोलावलं. ताईला घेऊन भोंगा चालत निघाला. वाटभर एकच वाक्य घोकत होता, जसं ती घोकायची. साहेब, माझी चूक झाली, आवाज मी बंद केला. साहेब, माझी चूक झाली.

सभागृहात टेबलापलीकडं अधिकारी आणि टंकलेखक. भिंतीला टेकून दोन्ही पुढारी, आज शेजारी शेजारी, एकाच बशीतली बिस्किटं खात. आणि त्यांच्या पलीकडं तिसरा एक जण. नव्या पेठेतला सेटवाला. मोठाले काळे बॉक्स, रंगीत दिवे. लोक त्याला डबलबास म्हणायचे. भूमिपूजनाचा मोठा सोहळा पुढच्या महिन्यात होता आणि त्याच्या कामासाठी तो टपून होता.

"अर्ज वाचला," अधिकारी म्हणाले. "सुनावणीच्या दिवशी आवाज गेला होता म्हणता?"

"साहेब, माझी चूक झाली. आवाज मी…"

"थांबा. अशा अर्जाला ठरलेला नमुना आहे. ध्वनियंत्रणा सदोष होती का? हो किंवा नाही. हो असेल तर अकरा नंबरची हरकत पुन्हा ऐकता येईल. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन ऐकेन."

ताईनं भोंग्याचा शर्ट मागून हलकेच ओढला. हो म्हण.

"साहेब, सेट चांगला होता. हात चुकला माझा."

"हाताचा रकाना नाही इथं." अधिकाऱ्यांनी कागद फिरवून दाखवला. खरंच नव्हता. "सेट बिघडला होता, असं लिहू?"

डबलबास खुदकन हसला. "लिहा साहेब, लिहा. तीस वर्षांचा भंगार सेट. त्या दिवशी बाहेर रस्त्यावर शिट्टी ऐकू आली. मला वाटलं प्रेशर कुकर!"

दोन्ही पुढारी हसले. टंकलेखकही हसला, मग त्यानं तोंडावर हात घेतला.

"सदोष लिहिलं तर सरकारी कार्यक्रमांच्या यादीतून नाव जाईल, हेही सांगून ठेवतो," अधिकारी म्हणाले. "नियम आहे."

"जाऊ दे रे," ताई इतक्या हळू म्हणाली, की फक्त त्यालाच ऐकू आलं. "आपण दुसरं काही करू. मी आहे ना."

"भोंगाकाका," डबलबास म्हणाला, "लाजता कशाला? म्हातारं झालं की मशीनही दम टाकते. माझा जुना बॉक्स आहे एक, तो घेऊन जा. फुकट."

भोंग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते वाक्य त्याच्या ओठांवर होतं, वाटभर घोकलेलं. त्याचा हात उचलला गेला, कुठं बटण नव्हतं, तरी दोन बोटं हवेत काही तरी शोधत राहिली.

"वेळ नाही मला," अधिकारी म्हणाले. "एका शब्दात सांगा. सेट बिघडलेला होता की नव्हता? आवाज का आला नाही?"

ताईनं शर्ट अजून धरलेला होता.

भोंगा ताठ उभा राहिला, चार बोटं लांब, वर बघून, आणि माईक नसतानाही सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "सेटमध्ये खोट नव्हती, साहेब. आमची ताईच हळू बोलली."